ट्रिप रद्द झाली, मग हप्ता का थांबत नाही?
सोलापूरच्या एका मित्राने मला विचारलं, "विमानच उडालं नाही, मग हप्ता कशाला भरू?" तिकीट त्याने ॲपवर कर्ज घेऊन काढलेलं.

घोळ इथेच होतो. तिकिटाचा व्यवहार विमान कंपनीशी, कर्जाचा बँकेशी. मे 2023 मध्ये गो फर्स्ट बंद पडली आणि प्रवाशांचे रिफंड दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकले. पण रिफंड अडकला म्हणून कर्ज माफ होत नाही. हप्ता चुकला तर सिबिल स्कोअर घसरतो.

म्हणून मी त्याला सांगितलं: हप्ता भरत राहा, 1915 वर तक्रार नोंदव. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे लगेच चार्जबॅक माग, त्याला मुदत असते. कंपनी दिवाळखोरीत नसेल, तर ती मुंबईची असली तरी सोलापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल, तर फीसुद्धा नाही.