ही थेरं नाहीत, आजार आहे

‘खाऊन ओकणं ही श्रीमंतांच्या पोरींची थेरं,’ असं आपल्या वस्तीत सर्रास बोललं जातं. मग जेवण झालं की मोरीत जाऊन घशात बोटं घालणारी आपली अकरावीतली पोर कुणाची? तिला आपण आधी ओरडतो, मग अंगारा लावतो. दवाखान्यात नेलं, तर टॉनिक देऊन परत पाठवतात. वजन ठीक आहे ना!

बुलिमियात वजन बहुधा ठीकच दिसतं. पण सततच्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं, हृदय बंद पडू शकतं. अॅनोरेक्सियाने खंगलेल्या मुलीला एकदम पोटभर खाऊ घालणंही जिवावर बेततं. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन, आहारतज्ज्ञ एकत्र लागतात आणि पुढे महिनोन् महिने घरच्यांची साथ.

हे सगळं फक्त पैसेवाल्यांनाच का मिळावं? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम १८ सांगतं की सरकारी उपचार परवडणारे, जवळ आणि जात-वर्गाचा भेद न करता मिळणं हा हक्क आहे. हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जिल्हा रुग्णालयात लेखी मागणी करा. टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. आणि अंगारा पुसून आधी पोरीचं ऐका.

जय भीम!