बसलेला आवाज आणि दह्यातले आम्ल

दह्याला आंबटपणा येतो तो लॅक्टिक ॲसिडमुळे. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शीले यांनी १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून ते वेगळे केले. आज हेच आम्ल लकवा झालेल्या स्वरतंतूंच्या संशोधनात वापरले जात आहे.

आपल्या गळ्यातले दोन स्वरतंतू श्वास घेताना उघडतात. बोलताना आणि घास गिळताना मिटतात. त्यांना हलवणारी डावी नस मेंदूकडून थेट गळ्यात येत नाही. ती छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि मग वर येते. या लांब वाटेत कुठेही इजा झाली तर स्वरतंतू लुळा पडतो. थायरॉइडचे ऑपरेशन, फुफ्फुसातील गाठ, कधी विषाणूचा संसर्ग ही त्याची कारणे. मग आवाज घोगरा होतो, बोलताना दम लागतो, पाणी पिताना ठसका लागतो.

तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. पण तिचे धागे अनेकदा भलत्याच स्नायूला जुळतात. इथे लॅक्टिक ॲसिड कामी येते. त्याचे रेणू साखळीसारखे जोडून घट्ट पदार्थ बनवता येतो. शरीरात आपोआप विरघळणारे काही टाके अशाच पदार्थाचे असतात. त्याच्या बारीक नळीत नसेची दोन्ही टोके बसवली, तर नळी नसेला वाट दाखवते आणि पुढे स्वतः विरघळते. अशा नळ्यांचे प्रयोग प्राण्यांवर झाले आहेत. स्वरतंतूंच्या नेहमीच्या उपचारांत त्या अजून आलेल्या नाहीत.

म्हणून दही खाऊन हा लकवा बरा होईल असे समजू नये. आज आवाजाचे व्यायाम, स्वरतंतू मध्याकडे सरकवणारे इंजेक्शन आणि ऑपरेशन हे उपचार आहेत. नस कधी कधी आपोआप सुधारते, त्यामुळे कायमच्या ऑपरेशनआधी डॉक्टर बहुधा सहा महिने ते वर्षभर थांबतात.

आवाज बसला की घरोघरी मध, ज्येष्ठमध घेतात. त्याला हरकत नाही. पण मुअज्जिन असोत, शिक्षिका असोत की घरातली दादी, तीन आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. तंबाखू किंवा विडी-सिगारेटची सवय असेल, तर तेवढेही थांबू नये. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आवाज बदलला, तर सर्जनना लगेच सांगावे. श्वास घेताना घरघर होऊन जीव घुसमटू लागला, तर रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.