कुडाखालची जमीन कुणाची?

धरण बांधायचे ठरले की सरकार सर्वांत आधी काय बांधते? घरे. साहेबांची, कारकुनांची, मिस्त्र्यांची. शहापूर तालुक्यातले भातसानगर असेच वसले. भातसा नदीवर धरण होणार म्हणून एका माळावर 'नगर' उभे राहिले. ज्यांची घरे-शेते त्याच धरणाच्या पाण्याखाली जाणार होती त्यांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा मात्र १९७६ साली झाला. तोवर धरणाचे काम सुरू झालेले होते. त्याआधी होता तो १८९४ चा भूसंपादन कायदा. तो किंमत देऊन मोकळा होई. माणसे पुढे कुठे राहणार हा त्याचा प्रश्नच नव्हता. आणि किंमतही कागदावर नाव असेल त्याला. दुसऱ्याच्या माळावर कारवीचा कूड घालून राहणाऱ्या बाईचे कागदोपत्री काही बुडालेच नाही.

आज मुंबईच्या सात तलावांतल्या साठ्यापैकी जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातसाचा असतो. तानसाचे पाणी तर १८९२ पासून तिकडे जाते आहे, आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. यावर पुष्कळ लिहून झाले आहे. या वेळी आम्हांला बोलायचे आहे ते घराविषयी.

गरिबी आहे म्हणून घर नाही, असे आपण सहज म्हणून जातो. शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांवर बसून बायांचे बोलणे ऐकले की वाटते, हे वाक्य उलटे करून पाहावे. इथे घराखाली स्वतःची जागा नाही, म्हणून गरिबी हटत नाही.

कातकरी हे नाव कातावरून आले. खैराचा कात पाडणे हा या जमातीचा पिढीजात धंदा. १८७८ च्या वनकायद्याने जंगलाची मालकी सरकारकडे गेली, खैरावरची कुऱ्हाड गुन्हा ठरली, आणि कात पाडणारे लोक व्यापाऱ्याच्या कोळसाभट्टीवर नाहीतर जमीनदाराच्या बांधावर आले. मालकाला हाताशी मजूर हवा होता, म्हणून त्याने 'रहा तिकडे माळावर' म्हटले. वाडी वसली ती अशी, तोंडी परवानगीवर. पुढे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्या कुळाला मालक मानले. कातकरी कूळ नव्हता, मजूर होता; त्याची नोंद कुठल्याच रकान्यात नव्हती. खरे तर त्याच कूळकायद्यात शेतमजुराच्या राहत्या घरालाही संरक्षण आहे. पण ते मागायला, हे घर इथे इतकी वर्षे उभे आहे, असे आधी कुणीतरी लिहून द्यावे लागते. ते कोण लिहून देणार? तलाठी? मालक?

मालक काय म्हणतो ते वाडीवर कुणालाही विचारा. पक्की भिंत घालू नका. आंब्याचे झाड लावू नका. पक्के काही उभे राहिले तर हक्क तयार होईल, ही भीती. म्हणून तीन पिढ्या तोच कूड दर वर्षी नव्याने लिंपायचा. तो लिंपते कोण, हे सांगायला नकोच. तोवर जमिनीला भाव नव्हता, तेव्हा मालकही गप्प होता. आता शहापुरातून समृद्धी महामार्ग गेला, मुरबाडकडे शेतघरांच्या जाहिराती लागल्या. जमीन विकली जाते आणि वाडीही तिच्याबरोबर विकली जाते. नवा मालक मुंबईचा किंवा ठाण्याचा. तो तारेचे कुंपण घालतो; पाण्याची वाट, सरपणाची वाट, स्मशानाची वाट कुंपणापलीकडे राहते. मारहाण नाही, बुलडोझर नाही. बातमी होत नाही.

सरकारने घरकुले दिली नाहीत असे नाही. १९८५ पासून इंदिरा आवास झाली, २०१६ पासून पंतप्रधान आवास आहे, कातकऱ्यांसारख्या अतिवंचित जमातींसाठी २०२३ मध्ये जनमन योजना आली, तिच्यात घराला दोन लाख मिळतात. पण घर बांधायला जागा दाखवावी लागते. म्हणजे ज्याच्याकडे जागा आहे त्याला घर, आणि ज्याच्याकडे जागा नाही तो 'अपात्र'. गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार १९६६ च्या जमीन महसूल संहितेने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे. वाडी गावठाणात आली की अर्धा प्रश्न सुटतो. त्यासाठी पैसा फारसा लागत नाही, सही लागते.

जागा नाही म्हणून कर्जाला तारण नाही. मग पावसाळ्यात घरात दाणा संपला, मूल आजारी पडले, छप्पर उडाले की वीटभट्टीवाल्याची उचल घ्यायची. ती फेडायला दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडे भट्टीवर जायचे ते थेट पाऊस पडेस्तोवर. नवरा-बायको दोघे मिळून विटा पाडतात. उचल आणि हिशेब नवऱ्याच्या नावावर. राहायला विटा रचून केलेले, वाकून आत शिरायचे खोपटे. वेठबिगारी निर्मूलन कायदा १९७६ चाच. उचलीच्या बदल्यात माणूस बांधून ठेवणे तेव्हापासून गुन्हा आहे.

आणि नेमके हे कुटुंब भट्टीवर असताना देश माणसे मोजतो. जनगणना फेब्रुवारीत होते. २०११ साली देशात १७ लाख ७० हजारांवर माणसे बेघर नोंदली गेली, म्हणजे त्या रात्री जी उघड्यावर झोपलेली सापडली ती. खोपटे हे मोजणीच्या हिशेबात घर, त्यात राहणारी बाई बेघर नाही. वाडीवरचे तिचे घर त्या वेळी बंद. पुढची जनगणना १ मार्च २०२७ च्या संदर्भदिनाने होणार आहे, पुन्हा भट्टीच्याच दिवसांत.

यात आपल्या चळवळीचाही हिशेब मांडायला हवा. आपण घरातली हिंसा बोललो, आणि ते बोलायलाच हवे होते. २००५ च्या कायद्याने नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क मिळाला. २००३ साली राज्याने ग्रामपंचायतीच्या घरनोंदीत पत्नीचे नाव लावण्याचा आदेश काढला. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये पट्टा दोघांच्या नावे केला. प्रत्येक गोष्ट लढून मिळवलेली. पण घरनोंद काय आणि राहण्याचा हक्क काय, दोन्ही घर आहे असे धरून चालतात. ज्या बाईचे सासर दुसऱ्याच्या माळावर आहे, तिला नवऱ्याने टाकले तर न्यायालय तिला राहायला कुठे पाठवणार? आईबापांचे घरही तसल्याच माळावर. ऐंशी-नव्वदच्या दशकांत सांगली जिल्ह्यात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांचा प्रश्न गावापुढे आणला. आमच्या मते वाडीवरच्या जागेची मागणीही तिथूनच सुरू व्हावी: आधी एकल बायांच्या नावे, मग जोडप्यांच्या.

एक साधी गोष्ट बायांनीच बोलून दाखवली. ग्रामसभा २६ जानेवारीला, तेव्हा आम्ही भट्टीवर. १ मेला, तेव्हाही भट्टीवर. आम्ही वाडीत असतो त्या पावसात. म्हणजे खरी सभा १५ ऑगस्टची, फार तर २ ऑक्टोबरची. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे पेसाच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे पाड्याला स्वतःची ग्रामसभाही मागता येते. तेव्हा ज्या मैत्रिणी या भागात काम करतात त्यांनी श्रावणाआधी वाडीतली घरे बायांबरोबर बसून लिहून काढावीत: घर कुणाचे, किती वर्षांचे, जमीन मालकाची, वनखात्याची की गावठाणाची, आणि त्या घरातली कोण बाई एकटी आहे. हा कागद महिला सभेत वाचावा, ठरावाच्या पुस्तकात उतरवून घ्यावा आणि त्याची सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्यावी. नक्कल एका पुढाऱ्याच्या घरी नको, वाडीवर राहू द्या. भट्टीवर जाताना ती कुणाजवळ ठेवायची, हेही त्याच सभेत ठरवा.