कोथिंबिरीचं पाणी आणि किडनी

मागच्या महिन्यात लातूरजवळच्या गावातून साठीचे एक काका आले. जुना मधुमेह, बीपी, पायांवर सूज, क्रिएटिनिन वाढलेलं. गोळ्यांचं विचारलं तर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, महिना झाला बंद करून. रोज सकाळी कोथिंबिरीची जुडी उकळून पाणी पितो. त्यानं किडनी साफ होते म्हणे." मेसेज जावयानं पाठवला होता.

किडनी ही काही घासून धुवायची घागर नाही. रक्त गाळण्याचं काम तीच करते. तिला बाहेरून 'साफ' करणारा काढा नाही. उलट 100 ग्रॅम कोथिंबिरीत सुमारे 500 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि उकळल्यावर त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं. निरोगी किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. दुबळ्या किडनीला ते जमत नाही, पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. काकांचं पोटॅशियम वाढलेलंच निघालं. पण खरं नुकसान केलं ते बंद केलेल्या गोळ्यांनी. महिनाभर बीपी आणि साखर मोकाट होती.

हृदयाची झडप बदललेल्या, वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम घेणाऱ्यांनीही असे प्रयोग करू नयेत. कोथिंबिरीत 'के' जीवनसत्त्व भरपूर असतं आणि त्यामुळे या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. रोजच्या जेवणातली थोडी कोथिंबीर चालते. आज चिमूट, उद्या जुडी असं नको.

एवढं वाचून कोथिंबीर वाईट असं समजू नका. मला ती फार आवडते, गंजगोलाईत भाव कितीही चढला तरी पिशवीत असतेच. माझ्या मते तिचा सगळ्यात मोठा उपयोग मीठ कमी करण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आपल्याकडे लोणचं, पापड आणि ठेचा यांतच त्यातलं बरंच संपतं. वरणात, सुशिल्यात मीठ थोडं कमी घाला, वर कोथिंबीर आणि लिंबू. काही आठवड्यांत जिभेला सवय होते. मात्र गॅस बंद केल्यावर घाला, तिचा वास शिजवल्यावर उडून जातो. कच्ची खायची असल्यानं दोन-तीन पाण्यांतून धुवा, मगच चिरा. देठ फेकू नका, वाटणात चांगले लागतात.

काकांच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पोटॅशियमचे उपचार झाले. जाताना त्यांनी विचारलं, "मग वरणावर घालू का नको?" म्हटलं, चिमूटभर खुशाल घाला. काढा बंद. आणि पुढच्या वेळी जावयांना सोबत घेऊन या.