फोनवरील सल्ल्याचे मोल

दि. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी दूरध्वनीवरील सल्ल्यासाठी योग्य शुल्क आकारण्याची मुभा डॉक्टरांना दिली. पावती द्यावी, असेही सांगितले. डॉक्टरांच्या वेळेला मोल आहे, हे कोणीही नाकारणार नाही. प्रश्न आकारणीच्या पद्धतीचा आहे. गर्भवतीची डोकेदुखी किंवा चेहऱ्यावरील सूज किरकोळ की वाढत्या रक्तदाबाची खूण, हे तिला उमगत नाही. म्हणूनच ती फोन करते. फोनागणिक दाम लागला की, पैशाची चणचण असलेल्या घरात तो उद्यावर ढकलला जाण्याचा संभव वाढतो. शासनाची ‘ई-संजीवनी’ विनामूल्य आहे खरी. पण तिथे नेहमीचा डॉक्टर भेटेलच असे नाही. नाव नोंदविताना ठरणाऱ्या एकूण शुल्कातच प्रसूतिगृहांनी हे फोन धरावेत. काही फोन निष्कारण येतील, डॉक्टरांची झोपमोडही होईल. त्याचा अंदाज बांधून ते शुल्क थोडे वाढविले तरी हरकत नसावी.