जुनी रॅम काढायची घाई कशाला?

हडपसर गाडीतळापासून मगरपट्ट्यापर्यंत लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांना तोटा नाही आणि गिऱ्हाइकांनाही नाही. घरून काम करणारे आयटीवाले, कॉलेजची मुलं, सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: मशीन हँग होतं. आठ जीबी रॅमवर विंडोज ११, ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब आणि वर व्हिडिओ कॉल म्हटल्यावर दुसरं काय होणार! रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी एक रॅम बसवावी, हा साधा उपाय. पण सल्ला बरेचदा असा मिळतो की वेगवेगळ्या कंपन्यांच्या रॅम एकत्र चालत नाहीत, जुनी काढा आणि नवी जोडीच घ्या. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर किरकोळ ग्राहकांसाठीचा ‘क्रुशियल’ ब्रँडच बंद करण्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत हा सल्ला ऐकणं म्हणजे खिशाला नाहक भुर्दंड आहे.

मुळात स्टिकरवरच्या नावाला फारसा अर्थ नाही. जगातल्या बहुतेक मेमरी चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. बाकीचे ब्रँड त्या विकत घेऊन आपलं लेबल लावतात. त्यामुळे एकाच ब्रँडच्या, एकाच मॉडेलच्या दोन रॅममध्येही चिप वेगळ्या निघू शकतात. प्रत्येक रॅमवर तिचा वेग आणि टायमिंग नोंदवलेली एक छोटी चिप असते. मशीन सुरू होताना बायोस ती वाचतो आणि दोन्ही रॅमना झेपेल असा वेग ठरवतो. खुद्द लेनोव्होच्या थिंकपॅड टी४९०मध्ये काही रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि शेजारी एक स्लॉट असतो. तिथे तंतोतंत जोडी जमवायची म्हटली तरी कशी जमवणार?

आता आक्षेप वेगाचा. ३२०० वेगाच्या रॅमशेजारी जुनी २४०० बसवली, तर दोन्ही २४००वर चालतात, हे खरं. पण हिशेब करून पाहा. एकटी ३२०० सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते. २४००च्या सारख्या क्षमतेच्या दोन, ड्युअल चॅनेलमध्ये म्हणजे दोन्ही एकाच वेळी वापरल्या की, ३८.४ जीबी. क्षमता वेगळी असली, समजा चार आणि आठ, तरी बहुतेक इंटेल मशीन दोन्हींतले चार-चार जीबी ड्युअल चॅनेलवर चालवतात आणि उरलेले चार एकेरी. शिवाय रॅम संपली की मशीन एसएसडीकडे धावतं, आणि साटा एसएसडी सेकंदाला जेमतेम अर्धा जीबी देते. हँग होण्याचं मूळ तिथे आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. न जमणाऱ्या जोडीने मशीन अधूनमधून निळा स्क्रीन दाखवतं, आणि त्याहून वाईट म्हणजे कधी गुपचूप फाइल बिघडवतं. ही भीती खोटी नाही. तिच्यावर उतारा मात्र तपासणी हा आहे, सरसकट नवी खरेदी नव्हे. कारण नवी कोरी रॅमही सदोष निघू शकते. मेमटेस्ट८६ फुकट मिळतं. ते रात्रभर चालवावं, आणि एकही चूक दिसली तर रॅम परत घेण्याची अट दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावी. प्रकाराच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. डीडीआर४च्या स्लॉटमध्ये डीडीआर५ बसतच नाही, खाचच वेगळी असते. फसगत होते ती जुन्या मशीनमध्ये: १.५ व्होल्टची डीडीआर३ आणि १.३५ व्होल्टची डीडीआर३एल एकाच स्लॉटमध्ये बसतात, पण फक्त कमी व्होल्टेजवर चालणारा लॅपटॉप पहिलीवर सुरूच होत नाही.

गेमिंगसाठी एकेक फ्रेम मोजणाऱ्याने खुशाल जोडी घ्यावी. पण काढलेली जुनी रॅम दुकानातच सोडून येऊ नये. तिचेही पैसे मोजलेले असतात, आणि सध्याच्या भावात तिलाही गिऱ्हाईक आहे.