सुरकुतीला नावे ठेवण्यापूर्वी

दाराला ऑइलपेंटचा फार जाड हात दिला तर काही दिवसांनी त्यावर सुरकुत्या पडतात. "काम बिघडले," असे म्हणून आपण मोकळे होतो. माझे म्हणणे असे, की इथेच थांबून 'का?' हा प्रश्न विचारायला हवा.

असाच प्रकार कारखान्यातही घडतो. छपाईच्या काही शाया आणि फर्निचरची काही वॉर्निशे जंबुपार (अतिनील) किरणांनी घट्ट होतात. किरण पडताच द्रवातले लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, तयार होते. पण किरण वरच्या वरच शोषले गेले तर वर कातडी धरते आणि खाली द्रव तसाच राहतो. हा द्रव कातडीत मुरतो व ती फुगते. कडेला पसरायला जागा नसते. मग ती काय करणार? लाटांसारखी वर-खाली वळते.

या लाटांनाही नियम असतो. मऊ थरावर ताठ, पातळ कातडी असेल, तर कातडीची जाडी दुप्पट होताच दोन लाटांमधले अंतरही दुप्पट होते. खालच्या थराच्या मानाने तिचा ताठपणा आठपट झाला, तरी अंतर दुप्पटच होते, कारण तेथे घनमूळ येते! याच नियमाच्या आधारे २००४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी अतिपातळ थरांचा ताठपणा सुरकुत्या मोजून काढला. दोषाचीच मोजपट्टी झाली.

उद्योगानेही तिला कामाला लावले आहे. १७२ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण वॉर्निशच्या अगदी वरच्या थरातच शोषले जातात. त्यामुळे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक सुरकुत्या उमटतात. त्या प्रकाश विखुरतात आणि लाकडाला मंद, मखमली झाक येते. मग उरलेला थर घट्ट करतात.

अर्थात, गुळगुळीत पृष्ठभाग हवा असेल तेथे सुरकुती टाळलीच पाहिजे. पण कारण कळल्याशिवाय टाळणार कशी? म्हणून प्रयोगवहीत अपेक्षेबाहेरचे निरीक्षण खोडून 'बरोबर' उत्तर लिहिण्याची सवय मला घातक वाटते. खोडलेल्या ओळीबरोबर कारणही पुसले जाते.

पत्र्याच्या दोन झाकणांवर ऑइलपेंट लावा, एकावर पातळ, दुसऱ्यावर जाड. रोज पाहा आणि जे दिसेल तेच लिहा.